जाण्याचा हक्क आणि राहण्याची अट

दर वर्षी उन्हाळ्यात युरोपातील फुटबॉलचा बाजार उघडतो. कोणता खेळाडू कोणत्या क्लबाने किती कोटींना घेतला याच्या वार्ता आता मराठी दैनिकांतूनही ठळकपणे छापून येतात. या वार्तांची भाषा मोठी बोलकी असते. अमुक खेळाडू 'विकला', तमुक 'विकत घेतला', तिसरा वर्षभरासाठी 'उसना दिला'. गुरांच्या बाजारात शोभावीत अशी ही क्रियापदे जिवंत माणसांसाठी वापरली जातात, आणि त्यांत कोणाला काही वावगे वाटत नाही.

मायदेशातील क्लब सोडून परदेशी जावे काय, असा विचार एखादा नामांकित खेळाडू करू लागला, की त्याच्याविषयी दोन ठरीव मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, याने पैशासाठी आपल्या मातीकडे पाठ फिरविली. दुसरा म्हणतो, जेथे भाव अधिक तेथे माल जाणारच; यात चर्चा करण्यासारखे आहे काय? पहिले मत देशभक्तीचे समजले जाते व दुसरे व्यवहाराचे. आमच्या मते समाजवादी विचाराच्या माणसाला ही दोन्ही मते सारखीच अपुरी वाटली पाहिजेत. पहिल्या मतात खेळाडू ही राष्ट्राची मालमत्ता ठरते, दुसऱ्यात ती बाजाराची मालमत्ता ठरते. तो काम करणारा माणूस आहे आणि जेथे काम करतो तेथील कारभारात त्याला काही म्हणणे असू शकते, ही गोष्ट दोघांच्याही ध्यानी येत नाही.

ती ध्यानी यावी म्हणून १९८४ सालातील एका खेळाडूची हकीकत येथे सांगावयाची आहे. परदेशी जावे की न जावे, हा प्रश्न त्याच्यापुढेही उभा होता. त्याने राहण्यासाठी अट घातली. ती पगाराची नव्हती, मताच्या हक्काची होती.

डॉक्टर आणि कप्तान

सॉक्रेटिस हा ब्राझीलचा खेळाडू. १९ फेब्रुवारी १९५४ रोजी बेलेम येथे त्याचा जन्म झाला. स्वतःच्या प्रयत्नाने वाचनाची गोडी लावून घेतलेल्या बापाने थोरल्या मुलाला ग्रीक तत्त्ववेत्त्याचे नाव दिले. १९६४ साली ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता बळकावली तेव्हा हा मुलगा दहा वर्षांचा होता. रशियन क्रांतीवरील पुस्तक घरात सापडू नये म्हणून ते बाप स्वतःच्या हातांनी जाळीत असल्याचे आपण पाहिले, ही आठवण तो पुढे सांगत असे. ज्यांच्या घरी १९७५ च्या आणीबाणीत पत्रके आणि वह्या चुलीत गेल्या, त्यांना या आठवणीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

रिबेराव प्रेतो येथे एकीकडे तो बोटाफोगो या स्थानिक क्लबाकडून खेळत होता आणि दुसरीकडे साओ पावलो विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयात शिकत होता. पदवी हाती आल्यावरच, १९७८ मध्ये, तो साओ पावलो शहरातील कोरिंथियन्स या क्लबात गेला. हा क्लब १९१० साली कामगारांनी स्थापिलेला. आजही तो गरीब वस्त्यांचा क्लब म्हणून ओळखला जातो. १९८२ च्या स्पेनमधील विश्वचषकात सॉक्रेटिस ब्राझीलचा कप्तान होता. तो संघ इटलीकडून ३-२ असा हरला. पण त्याचा खेळ पाहिलेले लोक आजही त्या पराभवाविषयी विजयाहून अधिक आपुलकीने बोलतात.

त्या काळच्या ब्राझीलमध्ये खेळाडूची कायदेशीर स्थिती काय होती, हे समजल्याशिवाय पुढील भागाचे महत्त्व कळणार नाही. तेथे 'पासे' नावाची पद्धत होती. खेळाडूचा करार संपला तरी त्याच्या नावाची नोंद क्लबाच्याच ताब्यात राही. क्लबाने सोडल्याखेरीज व दुसऱ्या क्लबाने किंमत मोजल्याखेरीज त्याला अन्यत्र खेळता येत नसे. मजुरी बंद, पण मालकी चालू, असा हा प्रकार. कर्ज फिटेपर्यंत सालगड्याला बांधून ठेवणाऱ्या सावकारी व्यवहाराहून तो तत्त्वतः वेगळा नव्हता. खुद्द पेलेला परदेशी क्लबांनी उचलू नये म्हणून १९६१ साली राष्ट्राध्यक्षांनी त्याला 'राष्ट्रीय ठेवा' ठरविले, असे सांगितले जाते. गौरवाचे शब्द बेडीसारखे कसे वापरता येतात, याचे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

ही पद्धत केवळ ब्राझीलची नव्हती. इंग्लंडात खेळाडूंच्या पगारावर आठवड्याला वीस पौंडांची कमाल मर्यादा होती. ती १९६१ साली, संघटनेने संपाची तयारी केल्यावर उठली. करार संपूनही खेळाडूला अडवून ठेवण्याची तेथील प्रथा न्यायालयाने १९६३ मध्ये ईस्टहॅम खटल्यात अन्याय्य ठरविली. सबंध युरोपात हे घडण्यास १९९५ चा बॉसमन निकाल यावा लागला. ब्राझीलमध्ये 'पासे' रद्द करणारा कायदा १९९८ मध्ये झाला. त्याला पेलेचेच नाव पडले. मुक्त बाजाराचा जयघोष करणाऱ्या जगात भांडवल कधीच मोकळे फिरू लागले होते. श्रमिकाला मात्र मोकळे होण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली किंवा संपाची धमकी द्यावी लागली.

एक माणूस, एक मत

१९८१-८२ च्या सुमारास कोरिंथियन्समध्ये कारभार बदलला. आदिल्सन मोन्तेरो आल्वेस या समाजशास्त्रज्ञाकडे फुटबॉल विभाग आला. त्याने खेळाडूंपुढे भाषण केले नाही. तुम्हाला काय हवे, असे त्यांना विचारले. त्या विचारण्यातून जो प्रयोग उभा राहिला त्याला 'कोरिंथियन लोकशाही' असे नाव मिळाले. सराव किती वाजता करावयाचा, प्रवास कसा करावयाचा, नवा खेळाडू घ्यावयाचा की नाही, अशा प्रश्नांवर मतदान होऊ लागले. कप्तानाला एक मत, राखीव खेळाडूला एक मत आणि कपडे सांभाळणाऱ्या सेवकालाही एकच मत.

या मतदानांत सर्वांत महत्त्वाचा विषय दिसावयास क्षुल्लक होता. सामन्याच्या आधी खेळाडूंना हॉटेलात कोंडून ठेवण्याची रीत ब्राझीलमध्ये रूढ होती. कारण उघड होते: ही मुले झोपडपट्टीतून आलेली, यांना मोकळे सोडले तर ती बिघडतील. ज्याला मुले-बाळे आहेत, ज्याच्या पायांवर क्लबाचे उत्पन्न उभे आहे, तो स्वतःच्या झोपेची वेळ ठरविण्यास मात्र नालायक! खेळाडूंनी चर्चा करून ही सक्ती सैल केली आणि पुढे ती ऐच्छिक ठरविली. आता संघ विस्कटेल, असे भाकीत पुष्कळांनी केले. संघाने १९८२ आणि १९८३ अशी लागोपाठ दोन वर्षे साओ पावलो राज्याची स्पर्धा जिंकली.

हे सर्व लष्करी राजवटीत चालले होते, हे विसरता कामा नये. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी राज्यांच्या गव्हर्नरांसाठी साठीच्या दशकानंतर प्रथमच थेट निवडणूक होणार होती. त्या वेळी कोरिंथियन्सचे खेळाडू पाठीवर 'पंधरा तारखेला मतदान करा' अशी अक्षरे घेऊन मैदानात उतरले. खेळाडूच्या सदऱ्याची ही जागा आज जगभर जाहिरातदारांनी विकत घेतलेली आहे. १९८३ च्या अंतिम सामन्यापूर्वी त्यांनी जो फलक धरला त्याचा आशय होता: जिंकू वा हरू, पण लोकशाहीसह.

त्याच १९८२ साली मुंबईत काय चालले होते, हे आमच्या वाचकांना आठवत असेल. १८ जानेवारीपासून सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर होते. मजुरीच्या मागण्या होत्याच. पण खरी गाठ १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याशी होती. आपल्या वतीने कोणती संघटना बोलेल, हे त्या कायद्याखाली कामगारांच्या गुप्त मतदानाने ठरत नसे, सभासदसंख्येच्या नोंदींवरून ठरे. साओ पावलोच्या मैदानावरील आणि गिरणगावातील परिस्थितींत महदंतर होते. कोरिंथियन्सचे खेळाडू तारांकित होते, गिरणी कामगार देशोधडीला लागले. परंतु प्रश्न एकच होता: जो काम करतो त्याला कामाच्या जागी मत आहे की नाही?

बावीस मतांनी

१९८४ च्या आरंभी ब्राझीलमध्ये राष्ट्राध्यक्षाची निवड थेट जनतेने करावी यासाठी प्रचंड चळवळ उभी राहिली. दान्ते द ऑलिव्हेरा या तरुण सभासदाने तशी घटनादुरुस्ती संसदेत मांडली होती. याच सुमारास सॉक्रेटिसला इटलीतून बोलावणे येत होते. १९८० मध्ये इटलीने परदेशी खेळाडूंवरील जुनी बंदी उठविली होती. फाल्काव रोमला गेला होता, झिको १९८३ मध्ये उदिनेला गेला होता. ब्राझील कर्जाच्या गाळात रुतलेला होता व महागाईचा वार्षिक वेग दोनशे टक्क्यांच्या वर होता. महिन्याच्या आरंभी मिळालेल्या पगाराचे मोल अखेरीपर्यंत घटलेले असे. अशा वेळी परकीय चलनातील पगाराचा मोह पडू नये, अशी अपेक्षा करणे म्हणजे दुसऱ्याच्या पोटावर आपली देशभक्ती पोसणे होय.

१६ एप्रिल १९८४ रोजी साओ पावलोच्या आन्यांगाबाऊ भागात अतिविराट सभा भरली. लोक दहा लाखांहून अधिक होते, असे सांगतात. व्यासपीठावरून सॉक्रेटिसने जाहीर केले, की ही दुरुस्ती संमत झाली तर मी देश सोडून जाणार नाही.

या घोषणेचा नीट विचार करावयास हवा. त्याने देशासाठी त्याग करीत असल्याचा आव आणला नाही, अथवा पगार वाढविला तर राहतो असेही म्हटले नाही. माझ्या देशात मला आणि माझ्याबरोबर सर्वांना मत असेल तर मी येथे राहीन, एवढेच त्याने सांगितले. आपल्या पायांचा बाजारभाव त्याने सौद्यात लावला. पण त्याच्या मोबदल्यात मागितलेली वस्तू एकट्याच्या खिशात जाणारी नव्हती.

२५ एप्रिल रोजी मतदान झाले. राजधानीत आणीबाणीचे उपाय लागू होते, वार्तांच्या प्रसारणावर नियंत्रण होते. दुरुस्तीसाठी ३२० मते आवश्यक होती. बाजूने पडली २९८ आणि विरुद्ध केवळ ६५. बावीस मते कमी पडली. शंभराहून अधिक सभासद सभागृहाकडे फिरकलेच नाहीत. एकूण सभासदसंख्येच्या दोन-तृतीयांश मतांची अट असल्यामुळे त्यांची अनुपस्थिती विरोधाइतकीच परिणामकारक ठरली. लोकशाहीचा पराभव तिच्या उघड शत्रूंनी केला नाही; त्या दिवशी ज्यांना अन्यत्र काम निघाले त्यांनी केला. सभेच्या दिवशी घरी राहून दुसऱ्या दिवशी निर्णयावर टीका करणारे साथी आपल्याही शाखांत आहेत. त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

सॉक्रेटिस फ्लोरेन्सच्या फिओरेन्टिना क्लबात गेला. ग्राम्शी मूळ इटालियनमध्ये वाचावयाचा आहे आणि कामगार चळवळीचा इतिहास अभ्यासावयाचा आहे, असे त्याने तेथील पत्रकारांना सांगितल्याची कथा प्रसिद्ध आहे. पण तेथे त्याचे मन रमले नाही आणि एका हंगामानंतर १९८५ मध्ये तो परतला.

हिशेब

आता या हकीकतीचा हिशेब मांडावयाचा. प्रथम जमेची बाजू. सॉक्रेटिस गेला तेव्हा त्याने विश्वासघात केला, असे आम्हांस वाटत नाही. अट सांगून, अट पुरी न झाल्यावर जाणे हा प्रामाणिकपणा आहे. जाण्याचा हक्क नसेल तर राहण्याला नैतिक मोल उरत नाही. बांधलेला बैल निष्ठावान आहे असे कोणी म्हणत नाही.

परंतु नावेची बाजूही लिहिली पाहिजे. कोरिंथियन लोकशाही तिच्या मुख्य शिलेदारांवर फार अवलंबून होती. सॉक्रेटिस होता, खेळाडूंच्या संघटनेत काम करणारा व्लादिमिर होता, तरुण कासाग्रांदे होता. त्यांच्या वजनाने गाडा चालला. क्लबातही एकमत नव्हते. १९८३ मध्ये आलेला गोलरक्षक लेआव या पद्धतीचा उघड टीकाकार होता, आणि काही थोडेच लोक सर्वांच्या नावाने निर्णय घेतात, हा आक्षेप सर्वस्वी निराधार मानता येणार नाही. सॉक्रेटिस गेला आणि १९८५ मध्ये क्लबाच्या निवडणुकीत प्रयोगाचे समर्थक पराभूत झाले. प्रयोग तेथेच आटोपला. एका माणसाच्या जाण्याने जी लोकशाही संपते ती अजून सवय झालेली नसते, ती त्या माणसाची देणगीच असते. पुढाऱ्याच्या आजारपणाबरोबर ज्या संघटना आजारी पडतात त्यांच्याविषयीही हेच म्हणावे लागेल.

याउलट मोठ्या मैदानावरचा पराभव कायमचा ठरला नाही. १९८५ मध्ये लष्कर सत्तेवरून दूर झाले, १९८८ मध्ये नवी घटना आली आणि १९८९ मध्ये ब्राझीलच्या जनतेने राष्ट्राध्यक्ष थेट मतांनी निवडला. बावीस मतांनी हरलेली मागणी पाच वर्षांत नित्याची बाब झाली. चळवळीचा हिशेब एका दिवसाच्या मतमोजणीवरून मांडू नये, तो याच कारणासाठी.

अर्थशास्त्राचा शिक्षक या नात्याने आणखी एक मुद्दा मांडणे आम्ही कर्तव्य समजतो. सॉक्रेटिस सार्वजनिक विद्यापीठात शिकलेला डॉक्टर होता आणि देशातील क्लबांनी घडविलेला खेळाडू होता. समाजाने ज्याच्यावर खर्च केला त्याच्या कौशल्याचे फळ श्रीमंत देशाने फुकट चाखावे काय? हा प्रश्न आपल्या परिचयाचा आहे. मुंबईत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती यांनी १९७० च्या दशकात सुचविले होते, की श्रीमंत देशांत गेलेल्या व्यावसायिकांच्या उत्पन्नावर अधिभार घ्यावा आणि तो गरीब देशांच्या विकासाकडे वळवावा. सूचना गाजली, पण अमलात आली नाही.

आश्चर्य असे, की फुटबॉलच्या नफेबाज बाजाराला याच दिशेने एक पाऊल टाकावे लागले. २००१ पासून आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमानुसार, करार चालू असताना खेळाडू दुसऱ्या देशातील क्लबात गेला तर त्याच्या किमतीतील ५ टक्के रक्कम, तो १२ ते २३ वर्षांचा असताना ज्या क्लबांनी त्याला घडविले त्यांच्यात वाटली जाते. ही रक्कम खेळाडूच्या स्वातंत्र्यातून कापली जात नाही, घेणाऱ्या श्रीमंत क्लबाच्या पैशातून जाते. तेव्हा माणसाला न बांधता समाजाचे देणे वसूल करता येते, हे सिद्ध झाले आहे. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांतून तयार झालेल्या डॉक्टराबाबत मात्र त्याला घेणारे रुग्णालय एक पैही घडविणाऱ्या संस्थेला देत नाही. गल्लीतल्या फुटबॉल क्लबाला जो न्याय मिळाला तो शासकीय महाविद्यालयाला का मिळू नये, हा प्रश्न आपल्या प्रतिनिधींनी विचारावयास हवा.

तरीही पैशाचा हिशेब म्हणजे सगळा हिशेब नव्हे. आमचे आयुष्य वर्गात गेले. परदेशी निघालेले विद्यार्थी पेढे घेऊन निरोप घ्यावयास येत. अनेक वर्षे आम्ही त्यांना देशाच्या ऋणाविषयी चार शब्द ऐकवीत असू, आणि ते मान खाली घालून ऐकून घेत. एकदा एका विद्यार्थ्याने मान वर करून उत्तर दिले. तो एका संशोधनसंस्थेत नोकरीस होता. तो म्हणाला, "सर, पगाराचे मी भागवून घेतले असते. पण तेथे पाच वर्षांत मला कोणी एकदाही विचारले नाही, की तुला काय वाटते?" त्या दिवशी आमचा उपदेश संपला. जाणाऱ्याला देशभक्तीचे पाठ देणाऱ्या आम्ही वडीलधाऱ्यांनी राहणाऱ्याला मत देण्याचा विचारच केला नव्हता.

४ डिसेंबर २०११ रोजी, एका रविवारी, सॉक्रेटिस वारला. वय अवघे सत्तावन्न. मद्याने त्याचे शरीर पोखरले होते. डॉक्टर असूनही त्याला स्वतःला वाचविता आले नाही. त्याच दिवशी कोरिंथियन्सने राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. सामन्यापूर्वी खेळाडू मैदानाच्या मध्यावर मूठ वर करून उभे राहिले. गोल केल्यावर तो उभा राही तसेच. त्याला देवत्व देण्याचे कारण नाही. तो चुका करणारा, कधी थकणारा माणूस होता, आणि म्हणूनच त्याची अट आपणा सर्वांना लागू पडते.

पुढील वेळी गावातील एखादा होतकरू तरुण, मग तो खेळाडू असो, परिचारिका असो वा कुशल कारागीर, परदेशाच्या वाटेवर दिसला, तर त्याला अडवू नका आणि हिणवूही नका. तो जेथे काम करीत होता तेथे त्याला मत होते काय, एवढे विचारा. आणि हा प्रश्न परक्याच्या कारखान्यात विचारण्यापूर्वी आपल्या संघटनेच्या कचेरीत विचारा. तेथे सतरंज्या घालणाऱ्या पोराच्या आणि अध्यक्षाच्या मताचे वजन सारखे आहे काय? ज्या दिवशी याचे उत्तर होकारार्थी येईल, त्या दिवशी जाणाऱ्यांची काळजी करण्याचे कारण उरणार नाही. जे जातील ते मोकळेपणाने जातील, आणि जे राहतील ते आपल्या मर्जीने राहतील.